पुन्हा पाडा

ग्रॅव्हलबर्गच्या वेशीवर, धान्याच्या रिकाम्या कोठाराला लागून
माझं दुकान.
बावीस वर्षं मी लोकांना त्यांची पहिली क्रूझर विकतोय
आणि बावीस वर्षं लोक आल्या आल्या विचारतात : किती सीसी?

ओडील लाफ्रेनिएरने नाही विचारलं.
एप्रिल संपत आलेला, अंगणात राखाडी बर्फाचा एक हट्टी ढीग,
ती आली शाळेची पिवळी बस घेऊन,
मुलं सोडून, बस रस्त्यावर तिरकी लावून.
वय त्रेपन्न, उंची पाच फूट दोन, हातात वही.
वहीत दोनच नोंदी :
शनिवार-रविवार, सायप्रसच्या टेकड्या.
एकदा, गास्पे.

"गास्पे म्हणजे जवळजवळ चार हजार किलोमीटर."
"जाताना," ती म्हणाली.

आधी सतराशेची काळी दाखवली, धंदा आहे माझा.
क्रोम इतकं लख्ख की सायलेन्सरवरून ढग चालले होते.
ती बसली, पाय पुढच्या पेगवर लांबवले,
हात हँडलपर्यंत ताणले, दोरीवर वाळत घातलेल्या शर्टासारखे.
अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात,
इथे पाय पाहून अंथरूण घ्यायचं असतं,
हे मी मनात म्हटलं. तोंडाने म्हटलं, "शोभते तुम्हाला."

तिने वहीत काहीतरी लिहिलं. बहुतेक माझ्याबद्दल.

मग मात्र खरं बोलू लागलो.
इथला वारा पश्चिमेकडून निघतो
आणि वाटेत कुणालाच भेटत नाही,
त्याला पहिली भेटते ती तुमची छाती. काच लावून घ्या.
साखळीला लाड लागतात, तेल, ताण, दर रविवारी,
बेल्टला फक्त खडीची भीती.
टाकी तेरा लिटरची, आणि पुढच्या गावचा पंप
पंपवाल्याच्या मर्जीवर.
सीट पहिल्या तासाला सगळ्याच मऊ असतात.
चौथ्या तासाला विचारा.

ती ऐकत होती, लिहीत होती, आणि मधेच
पेन्सिल कानामागे खोवून म्हणाली :
"पडली तर?"

हा प्रश्न मला खूप जणांनी विचारलाय,
फोनवरून, गाडी घेतल्यावर.
घेण्याआधी कुणीच नाही.

काळी गवतावर आडवी केली, उजव्या कुशीवर,
वासरू निजवावं तशी.
ओडीलने तिच्याकडे पाठ केली, गुडघे वाकवले,
एक हात हँडलला, एक सीटखाली.
काळी हलली नाही.
दुसऱ्यांदा मान लाल झाली, गवताला टाचांचे दोन खड्डे पडले,
काळी हलली नाही.
"पुरे," मी म्हणालो. "वाटेत कुणीतरी थांबतंच."
"कुणीतरी," ती म्हणाली,
जसा एखादा शब्द चाखून बघावा आणि थुंकावा.

माझी स्वतःची गाडी मागच्या शेडमध्ये आहे, ताडपत्रीखाली.
गुडघा गेल्यापासून दोन उन्हाळे बाहेर काढलेली नाही.
हे तिला सांगायचं काही कारण नव्हतं.

कोपऱ्यात नऊशेची निळी होती, वापरलेली,
टाकीवर अंगठ्याएवढा पोचा,
चामड्याच्या बॅगेत आधीच्या मालकाचा एक हातमोजा, डावा.
ती मी कुणाला दाखवत नाही, लोक पोचा बघून भाव पाडतात.
ओडीलने पोचा बघितला आणि तिथे अंगठा ठेवून पाहिला.
बरोबर बसला.

निळी आडवी केली.
तिने आधी पायाने स्टँड बाहेर काढला
(हे सांगायला मी विसरलो होतो),
मग पाठीने, जड कपाट सरकवावं तशी,
बारीक बारीक पावलं मागे टाकत गेली,
आणि गाडी उठली,
कुरकुरत, झोपमोड झालेल्या माणसासारखी,
आणि स्टँडवर कलून उभी राहिली.

मी टाळी वाजवणार होतो.
तिने हात पॅन्टला पुसले, रस्त्याकडे बोट केलं.
"आता तिकडे. खडीवर.
पुन्हा पाडा."

साडेतीनला तिला मुलं आणायची होती.
तीन वाजेपर्यंत आम्ही निळी पाडत होतो.